मणक्याची शस्त्रक्रिया : हाडांचे डॉक्टर की मेंदूचे?

या सदराकडे गेल्या काही महिन्यांत मणक्याच्या आजारांविषयी बरीच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक फिरून एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : हा आजार नेमका कोणाचा, हाडांच्या डॉक्टरांचा की न्यूरोसर्जनचा? म्हणून या अंकात निवडक पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे. मी स्वतः अस्थिरोगशास्त्राकडून मणक्याच्या शस्त्रक्रियेकडे आलेला डॉक्टर आहे, हे आधीच सांगितलेले बरे. माझे मत कोणत्या बाजूला झुकण्याचा संभव आहे, हे वाचकांना ठाऊक असावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. गेल्या वर्षभरात तिला ब्लाउजचे हूक लावता येईनासे झाले आहेत, भाकरी थापताना बोटांना अंदाज येत नाही आणि अंधारात चालताना तोल जातो. एमआरआयमध्ये मानेत तीन ठिकाणी मज्जारज्जू दबलेला दिसतो. इथले हाडांचे डॉक्टर मानेच्या मागून शस्त्रक्रिया करावी म्हणतात, तर पुण्याचे न्यूरोसर्जन पुढून, गळ्याच्या बाजूने करावी म्हणतात. दोघेही नावाजलेले आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपण आईची लक्षणे फार नेमकेपणाने टिपली आहेत. हूक, बटणे, भाकरी, अंधारातला तोल ही मानेत मज्जारज्जू दबल्याची ओळखीची चिन्हे आहेत, आणि दुखत फारसे नसल्यामुळे घरोघरी ती वयावर ढकलली जातात. हा आजार बहुधा पायरी-पायरीने उतरत जातो. काही महिने तसाच राहतो आणि मग एकदम एक पायरी खाली येतो. गेलेली पायरी शस्त्रक्रियेनंतर पूर्ण परत मिळेलच असे नसते. त्यामुळे दोन मतांच्या पेचात सहा महिने घालवणे हे दोन्हींपैकी कोणतेही मत मानण्यापेक्षा वाईट आहे.

आता पुढून की मागून. मज्जारज्जूवरचा दाब साधारणपणे पुढून, म्हणजे झिजलेल्या गादीकडून आणि वाढलेल्या हाडाकडून येतो. पुढून गेले की तो थेट काढता येतो, पण एका वेळी जितके जास्त मणके जोडावे लागतील तितके काम अवघड होते आणि गिळण्याचा त्रास किंवा आवाज बसण्याचा धोका वाढतो. मागून गेल्यास मज्जारज्जूच्या मागची कमान उघडून त्याला जागा करून दिली जाते आणि तो मागे सरकून दाबातून सुटतो. मात्र तो मागे सरकण्यासाठी मानेचा नैसर्गिक बाक शाबूत असावा लागतो. मान सरळ होऊन उलट्या दिशेने वाकली असेल, तर मागची कमान कितीही उघडली तरी रज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो. म्हणजे आपल्या आईच्या बाबतीत निर्णायक गोष्ट डॉक्टरांच्या पाटीवर लिहिलेली नाही. ती मानेच्या बाजूने, उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत आहे. कमान उघडी करून परत बसवण्याची पद्धत जपानमधील अस्थिरोगतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात विकसित केली, तर पुढून जाण्याची पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन हे अस्थिरोगतज्ज्ञ व स्मिथ हे न्यूरोसर्जन यांनी मिळून आणि क्लाउअर्ड या न्यूरोसर्जननी स्वतंत्रपणे मांडली. आज दोन्ही शाखांचे सर्जन दोन्ही वाटांनी जातात. प्रत्येकाच्या हाताला एक वाट अधिक सरावाची असते, एवढेच.

माझा सल्ला असा, की दोन्ही डॉक्टरांकडे स्वतंत्रपणे पुन्हा न जाता एकाच्या हाती दुसऱ्याचे लेखी मत द्यावे आणि “आपण एकदा त्यांच्याशी फोनवर बोलाल का?” असे मोकळेपणाने विचारावे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. मी असे फोन कितीतरी केले आहेत आणि दोन-तीनदा फोन ठेवताना माझा बेत बदललेला होता.

प्रश्न : शिक्षण दोघांचे वेगळे असते ना? मग मणक्याला हात लावण्याचा अधिकार मुळात कोणाला?
— एक निवृत्त लिपिक, नाशिक

उत्तर : अधिकार दोघांनाही आहे. अस्थिरोगतज्ज्ञ एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमएस करतात. न्यूरोसर्जन जनरल सर्जरीच्या एमएसनंतर तीन वर्षांचे एमसीएच करतात किंवा थेट सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातून येतात. त्यानंतर मणक्याचेच वेगळे प्रशिक्षण दोन्हीकडचे डॉक्टर घेतात. पहिला हाड, सांधा, भार आणि वाक यांचा विचार करायला शिकलेला असतो. दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली नस आणि मज्जारज्जू हाताळायला. मोठ्या संख्येने रुग्णांच्या नोंदी तपासणाऱ्या परदेशी अभ्यासांतही नेहमीच्या शस्त्रक्रियांच्या निकालांत दोन शाखांमध्ये फारसा फरक आढळलेला नाही. तेव्हा पदवीपेक्षा त्या विशिष्ट शस्त्रक्रियेचा अनुभव विचारावा.

सहकार्याचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. गादी सरकल्याने पायात कळ येते, हे आज रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पण १९३०च्या सुमारास ते डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९३२ साली मिक्स्टर या न्यूरोसर्जननी पाठीतल्या गाठीच्या संशयावरून एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली आणि निघालेल्या तुकड्याची नोंद कूर्चेची गाठ अशी झाली. तो रुग्ण ज्यांचा होता, त्या बार या अस्थिरोगतज्ज्ञांना मात्र ते गादीचेच द्रव्य असावे असे वाटले. मग दोघांनी रुग्णालयात जपून ठेवलेले, ‘गाठ’ म्हणून नोंदलेले जुने नमुने बाहेर काढून पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले अनेक गादीचेच तुकडे निघाले. १९३४ साली दोघांच्या नावाने तो लेख प्रसिद्ध झाला. एकट्या न्यूरोसर्जनला ती गाठच वाटत राहिली असती आणि एकट्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या हाती तो तुकडा कधी पडलाच नसता.

असेच एक उदाहरण आपल्या परळचे आहे. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवरून घसरले, तर मेंदूच्या देठाखालीच दाब येतो. ते मणके पट्टी आणि स्क्रूंनी थेट आवळण्याची पद्धत केईएम रुग्णालयातील न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी त्याच रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातील डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ साली प्रसिद्ध केली. पुढे २००१ साली जर्मनीतील हार्म्स यांनी तिच्यात स्क्रू-रॉडचा बदल केला आणि आज जगभर ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. लहानपणापासून तिची पाठ एका बाजूला वाकलेली आहे आणि आता बाक झपाट्याने वाढतो आहे. हाडांच्या डॉक्टरांनी रॉड घालून पाठ सरळ करण्याचे ठरवले, पण एमआरआय पाहून त्यांनी आम्हाला आधी न्यूरोसर्जनकडे पाठवले. मज्जारज्जू खाली अडकलेला आहे, तो मोकळा करावा लागेल, असे ते म्हणतात. एकाऐवजी दोन ऑपरेशने का? हे टाळता येणार नाही का?
— एक पालक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या हाडांच्या डॉक्टरांनी फार चांगली गोष्ट केली आहे, हे आधी सांगतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याच्या खाली फक्त नसा असतात. मूल वाढते तसा पाठीचा कणा रज्जूपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे रज्जूचे टोक मोकळेपणाने वर सरकावे लागते. काही मुलांत ते चरबीने, जाड तंतूने किंवा रज्जूला दुभागणाऱ्या हाडाच्या काट्याने खाली जखडलेले राहते. अशा मुलाची पाठ रॉडने एकदम सरळ केली, तर आधीच ताणलेली दोरी आणखी ताणल्यासारखे होते, आणि झोपताना पाय हलवणारे मूल उठताना पाय हलवू शकणार नाही, असा धोका उभा राहतो.

माझ्या उमेदवारीच्या काळात एक सात-आठ वर्षांची मुलगी बाकासाठी तपासायला आली होती. फ्रॉक मागून वर केला, तर कमरेच्या मधोमध रेशमासारख्या लांब केसांचा एक झुपका होता. आई म्हणाली, “जन्मापासून आहे, आम्ही वेणी घालायचो.” माझे वरिष्ठ काही न बोलता तिच्या पावलांकडे पाहू लागले. एक पाऊल दुसऱ्याहून बोटभर लहान होते. त्या दोन खुणांवरूनच त्यांनी तिला न्यूरोसर्जनकडे पाठवले आणि रज्जू दुभागलेला निघाला. तेव्हापासून बाकाचे मूल आले, की मी आधी त्याची पाठ आणि पावले पाहतो.

दोन शस्त्रक्रिया एकाच भुलेत कराव्यात की काही महिन्यांच्या अंतराने, याविषयी केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत आणि त्याला मुलीचा बाक, अडकण्याचे स्वरूप व रक्तस्रावाचा अंदाज अशी कारणे असतात. आपण एवढे जरूर विचारा, की बाक सरळ करताना मज्जारज्जूवर यंत्राने देखरेख ठेवणार आहेत का. डोक्यावरून विजेची सूक्ष्म चेतना देऊन पायाच्या स्नायूंपर्यंत संदेश पोहोचतो की नाही, हे पडद्यावर सतत पाहिले जाते. त्यासाठी भूलतज्ज्ञांना स्नायू शिथिल करणारी औषधे टाळून वेगळ्या प्रकारची भूल द्यावी लागते. संदेश क्षीण झाला, की सर्जन हात थांबवतात, रक्तदाब वाढवला जातो, गरज पडल्यास रॉडचा ताण सैल केला जातो. हे यंत्र नव्हते त्या काळात, १९७३ साली फ्रान्समध्ये स्तान्यारा यांच्या गटाने मांडलेल्या रीतीप्रमाणे, रुग्णाला ऑपरेशनच्या मध्येच अर्धवट जागे करून “पाय हलव” म्हणून सांगत असत. अजूनही शंका आली तर तसे करतात. जन्मजात बाक असेल, तर हृदयाची इको आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफीही करून घ्यावी, कारण गर्भावस्थेत हे अवयव एकाच सुमारास घडत असतात.

प्रश्न : माझ्या ३४ वर्षांच्या भावाला पाठीच्या मणक्याचा टीबी आहे. चार महिने सरकारी गोळ्या चालू आहेत, तरी पंधरा दिवसांपासून पाय जड पडत आहेत आणि पाठीत टेंगूळ दिसते. एका मोठ्या रुग्णालयात हाडांचा विभाग म्हणतो, “नस दबली आहे, न्यूरोकडे जा”, न्यूरो विभाग म्हणतो, “हाड कुजले आहे, हाडांकडे जा.” आठवडा याच टोलवाटोलवीत गेला. काय करावे?
— एक वाचक, बीड

उत्तर : हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता आपल्याला पत्राने आधीच कळवले आहे : पाय जड पडू लागणे ही तातडीची गोष्ट आहे, लघवीला अडथळा येऊ लागला तर तासांचा हिशेब धरावा. इथे सविस्तर लिहितो, कारण अशी टोलवाटोलवी अनेकांच्या वाट्याला येते आणि ती मला व्यक्तिशः फार सलते.

मणक्याच्या टीबीला आजही पॉटचा आजार म्हणतात, कारण १७७९ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जननी कुबड आणि पायांचे लुळेपण यांचा संबंध लिहून ठेवला. हा आजार बहुतेक वेळा मणक्याच्या पुढच्या भागाला, म्हणजे शरीराचा भार पेलणाऱ्या ठोकळ्याला खातो. ठोकळे ढासळले की पाठ पुढे मोडते आणि मागे टेंगूळ दिसते. पू, कुजलेले हाड आणि गादीचे तुकडे मज्जारज्जूवर पुढून दाब आणतात. मागची कमान मात्र बहुधा निरोगी असते.

आता जुनी चूक समजून घ्या. मज्जारज्जू दबला आहे, तेव्हा मागची कमान काढून तो मोकळा करावा, हा विचार वरवर सरळ वाटतो आणि एकेकाळी तसेच केले जाई. पण पुढचा खांब रोगाने खाल्लेला आणि मागचा खांब सर्जनने काढलेला, अशा पाठीला उभे राहायला काही उरत नसे. कुबड वाढे, दाब वाढे आणि चालत आलेला रुग्ण कायमचा अंथरुणाला खिळे. शिकाऊ डॉक्टर असताना असा एक तरुण शेतकरी मी पाहिला आहे. दुसरीकडे कमान काढून तीन महिन्यांनी तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या पाठीतले हाड कातडीखाली टोकदार उभे होते आणि पाय लाकडासारखे ताठ होते. ज्यांनी ती शस्त्रक्रिया केली त्यांचे हात वाईट नव्हते. त्यांनी रज्जूचा विचार केला होता. भाराचा विचार करणारे कोणी त्या खोलीत नव्हते.

हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ साली छातीतून वा पोटातून थेट पुढच्या रोगट भागापर्यंत जाऊन तो काढण्याची आणि तिथे हाड बसवण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे वाराणसीला डॉ. तुळी यांनी मध्यममार्ग रूढ केला : बहुतेकांना औषधे आणि विश्रांती, आणि ज्यांचे पाय औषधांना दाद देत नाहीत किंवा ज्यांची पाठ ढासळते आहे त्यांनाच शस्त्रक्रिया. हे सूत्र आजही टिकून आहे. फक्त आता बहुधा मागूनच, मणक्यांत स्क्रू-रॉड बसवून आधी पाठ स्थिर करतात आणि मग बरगडीच्या मुळाशी बाजूने वाट करून पुढचा पू आणि हाड काढतात. यात रज्जूभोवतीचे काम आणि आधार देण्याचे काम एकाच बैठकीत येते, म्हणूनच दोन्ही विभागांनी एकत्र उभे राहण्यासारखी ही शस्त्रक्रिया आहे.

आपल्या भावाच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासली पाहिजे. चार महिन्यांच्या औषधांनंतर आजार वाढत असेल, तर जंतू औषधांना दाद न देणारे असू शकतात. शस्त्रक्रियेत किंवा सुईने काढलेला पू सीबीनॅट (जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) या दोन्ही चाचण्यांना पाठवा, असे लेखी मागा. सगळा नमुना फॉर्मेलीन या जंतू मारणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत गेला, तर कल्चर करता येत नाही. ही छोटी चूक ऑपरेशन थिएटरच्या दारात वरचेवर घडते. शस्त्रक्रिया झाली तरी गोळ्या थांबत नाहीत. मणक्याच्या टीबीला साधारण वर्षभर आणि गरजेप्रमाणे त्याहून जास्त काळ त्या घ्याव्या लागतात, आणि त्या सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात.

टोलवाटोलवीबाबत एकच व्यवहार्य उपाय मला ठाऊक आहे. दोन्ही विभागांच्या बाह्यरुग्ण चिठ्ठ्या घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा आणि “रुग्णाला एका विभागाच्या नावावर दाखल करून दुसऱ्याचे मत खाटेजवळ मागवावे” अशी लेखी विनंती करा. दाखल झालेला रुग्ण कोणाचा तरी असतो. दोन ओपीडींच्या मधल्या व्हरांड्यातला रुग्ण कोणाचाच नसतो.

प्रश्न : कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांचे ऑपरेशन पोटाकडून करणार आहेत. संमतिपत्रावर रक्तवाहिन्यांच्या सर्जनचेही नाव आहे. पाठीच्या आजाराला त्यांची गरज काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वाट काढण्यासाठी. शरीराची महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर दुभागते आणि डावीकडची मोठी शीर शेवटच्या मणक्यावरून तिरपी जाते. आतड्यांची पिशवी न उघडता बाजूला सारून या वाहिन्या हलक्या हाताने सोडवाव्या लागतात. शिरेची भिंत ओल्या कागदासारखी असते. ती फाटली तर ती शिवू शकणारा हात त्याच क्षणी तिथे हवा. पुरुष रुग्णाने आणखी एक विचारून ठेवावे : या भागातल्या बारीक नसांना धक्का लागल्यास वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. मूल हवे असलेल्या जोडप्याने हे शस्त्रक्रियेआधीच बोलून घ्यावे.

प्रश्न : वडिलांना (वय ६८) मूत्रपिंडाचा कर्करोग असून तो पाठीच्या मणक्यात पसरला आहे. पाय अशक्त होत आहेत. कर्करोगाचे डॉक्टर मणक्याच्या सर्जनला भेटा म्हणतात. या अवस्थेत ऑपरेशनचा उपयोग तरी काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : योग्य रुग्णात चांगला उपयोग होतो, आणि तो म्हणजे स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले, तर नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. तो अभ्यास निवडक रुग्णांचा होता, हेही लक्षात ठेवा. आयुष्याची अपेक्षा, इतर अवयवांतला प्रसार आणि भूल सोसण्याची ताकद पाहूनच निर्णय होतो. अलीकडे अचूक नेम धरणारे रेडिएशन आल्यामुळे सर्जनने सगळी गाठ काढण्याची गरज अनेकदा उरत नाही. गाठ आणि मज्जारज्जू यांत काही मिलिमीटरची फट केली आणि पाठ स्क्रूंनी स्थिर केली, की उरलेले काम रेडिएशनचे डॉक्टर करतात.

मूत्रपिंडातून आलेल्या गाठी फार रक्ताळ असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी, बहुधा आदल्या दिवशी, रेडिओलॉजिस्टकडून मांडीतल्या वाहिनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करून घेणे चांगले. तशी सोय जिथे आहे तेच रुग्णालय निवडा. या सर्वांनी एकत्र बसून ठरवण्याच्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात आणि ती मोठ्या कर्करोग केंद्रांत नियमित होते. वडिलांचे नाव तिथे ठेवण्याची विनंती आजच करा. पाय दिवसागणिक अशक्त होत असतील, तर बैठकीच्या वाराची वाट पाहू नका. स्टिरॉइड लगेच सुरू करायचे का, हे आधी डॉक्टरांना फोनवर विचारा.